जुन्या ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल बदललं, वरून ॲडिटिव्हची बाटली पण टाकली: काय उपयोगी पडलं आणि काय नाही

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, टप्प्याटप्प्याने बदलणं, याला माझ्याकडून पाचपैकी पाच. ल्युबगार्ड प्लॅटिनम नावाच्या ॲडिटिव्हला साडेतीन, ते पण नवीन ऑइलसोबत वापरलं तरच. आणि ते जे मधासारखे घट्ट प्रकार मिळतात, 'गिअर स्लिप होतो? ही बाटली ओता' असं लिहिलेले, त्यांना एक, तो का ते खाली येईलच.

गाडी टोयोटाची जुनी सेडान आहे, चार स्पीडचा साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) गिअरबॉक्स, डिपस्टिक म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी असलेला, टाइप टी-फोर ऑइल लागणारा. किलोमीटर भरपूर झालेत आणि आधीच्या मालकाने इंजिन ऑइलच्या सगळ्या पावत्या जपून ठेवलेल्या पण गिअरबॉक्सच्या ऑइलचा कुठे उल्लेखच नाही. तक्रारी दोन होत्या. एक म्हणजे साधारण ६०-७० च्या स्पीडला, ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय असताना गाडी थरथरायची, जणू बारीक दगडी पट्टीवरून चाललोय, आणि पाय जरा दाबला की थांबायची. दुसरी म्हणजे सकाळी थंड गाडी रिव्हर्सला टाकली की लगेच पकडायची नाही, क्षणभर काहीच नाही आणि मग धक्का. ऑइल डिपस्टिकवर काढून टिश्यूवर थेंब टाकला तर लाल रंगाचा मागमूस नाही, गडद तपकिरी, पण जळकट वास मात्र नव्हता आणि कण पण नव्हते. हे महत्त्वाचं आहे कारण काळं पडलेलं आणि जळका वास मारणारं ऑइल असेल तर पुढचं सगळं गणितच बदलतं.

थरथर नक्की गिअरबॉक्सची आहे की इंजिनची हे आधी बघा, नाहीतर प्लग किंवा कॉइल खराब असायची आणि तुम्ही गिअर ऑइल बदलत बसाल. सोपी परीक्षा आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, ब्रेक लागेल इतका नाही, फक्त स्विच दबेल इतका. ब्रेकचा सिग्नल मिळाला की टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट जोडणारा क्लच, सुटतो. त्याच क्षणी थरथर बंद झाली तर ती लॉक-अपची, चालूच राहिली तर इंजिनकडे, माउंटिंगकडे बघा. माझी लगेच थांबली.

आता ही थरथर येते कशामुळे ते समजून घेतलं की ऑइल बदलल्याने ती का जाते ते आपोआप कळतं. एटीएफ म्हणजे नुसतं वंगण नाही, तेच ऑइल हायड्रॉलिक दाब देतं, तेच क्लच थंड करतं, तेच टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद पुढे ढकलतं, आणि वर त्याच ऑइलमध्ये भिजलेल्या क्लच प्लेटा एकमेकींना किती आणि कशा पकडतील हेही तेच ठरवतं. त्यासाठी त्यात फ्रिक्शन मॉडिफायर नावाची रसायनं असतात. ती ताजी असताना प्लेट हळूच सरकत येऊन अलगद चिकटते. ती संपली की प्लेट पकडते, सुटते, परत पकडते, परत सुटते, सेकंदाला कितीतरी वेळा, आणि आपल्याला ते स्टिअरिंगवर आणि सीटखाली थरथर म्हणून जाणवतं. म्हणजे बऱ्याच वेळा पार्ट शाबूत असतो, ऑइलच थकलेलं असतं. आणि ऑइल थकवते ती मुख्यतः उष्णता. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइलचं आयुष्य निम्म्यावर येतं, त्यामुळे चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये चाललेल्या गाडीचं ऑइल हायवेवर चाललेल्या गाडीपेक्षा फार लवकर मरतं, मीटरवरचा आकडा सारखा असला तरी.

'लाइफटाइम फिल' हा शब्द ज्याने काढला त्याने जुन्या गाड्यांचं खूप नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनीची झेडएफ कंपनी कितीतरी मोठ्या ब्रँडना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवून देते, आणि गाडीच्या पुस्तकात 'बदलायची गरज नाही' असं छापलेलं असलं तरी खुद्द झेडएफ सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांनी ऑइल बदला. गिअरबॉक्स बनवणाराच जर हे म्हणतोय तर मी त्याचं ऐकणार.

पुढचा मोठा अडथळा म्हणजे ती सगळीकडे ऐकू येणारी भीती, की जुन्या गाडीचं गिअर ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो, जुन्या ऑइलमधल्या घासलेल्या कणांवरच तो चाललेला असतो. यात थोडं तथ्य आहे, बरंचसं नाही. बहुतेक लोक ऑइल बदलतात कधी, तर गिअर स्लिप व्हायला लागल्यावर (इंजिन फिरतं पण गाडी तेवढी ओढत नाही), म्हणजे क्लचची लायनिंग, प्लेटांवरचा पकड देणारा थर, ऑलरेडी गेलेली असते, मग नवीन ऑइल टाकून महिन्याभरात गाडी उभी राहते आणि खापर ऑइलवर फुटतं. खरा धोका आहे तो मशीन लावून दाबाने फ्लश करण्यात, त्यातून वर्षानुवर्षं खाली बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब कुठे जाईल ते ठरवणारा भाग) बारीक वाटांमध्ये किंवा सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) जाऊन अडकू शकतो. मी एका सर्व्हिस सेंटरला नुसतं विचारायला गेले होते तर त्यांनी पॅन (गिअरबॉक्सखालचा ऑइलचा तसराळा) न उघडताच, फिल्टर न बघताच थेट फ्लश सांगितला, आणि कोणतं ऑइल टाकणार विचारल्यावर कोपऱ्यातल्या ड्रमकडे बोट, 'मॅडम सगळ्या गाड्यांना हेच चालतं'. नाही चालत. मी तिथून निघाले.

ग्रेडबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात. टाइप टी-फोर १०० अंशाला साधारण ७ सेंटीस्टोक (ऑइलचा घट्टपणा मोजायचं एकक) जाड असतं, टोयोटाचंच नंतर आलेलं डब्ल्यूएस साधारण साडेपाच. दोन्ही लाल, दोन्ही टोयोटाची, दोन्हींच्या डब्यावर एटीएफच लिहिलेलं, पण एकाच्या जागी दुसरं टाकायचं नाही. रंगावरून ग्रेड अजिबात कळत नाही, रंग फक्त ओळखीसाठी घातलेला असतो. टी-फोरचं स्पेसिफिकेशन जेडब्ल्यूएस ३३०९ नावाने ओळखलं जातं, त्यामुळे कंपनीचं मिळालं नाही तर डब्यावर हा नंबर शोधायचा, मी मोबिलचं एटीएफ ३३०९ वापरलं आणि त्याबद्दल काहीच तक्रार नाही. होंडावाल्यांनी झेड-वन च्या जागी डीडब्ल्यू-वन घ्यायचं, क्रायस्लरवाल्यांनी एटीएफ प्लस फोर, डेक्स्रॉन थ्री लागणाऱ्या गाडीला डेक्स्रॉन सिक्स जनरल मोटर्सच्या मते चालतं, पण डेक्स्रॉन सिक्स मागणाऱ्या गाडीत थ्री टाकायचं नाही. गाडीचं पुस्तक काढा, डिपस्टिकवर पण बऱ्याच वेळा ग्रेड कोरलेला असतो, तो वाचा.

मी ड्रेन अँड फिल पद्धत वापरली, म्हणजे खालचा नट सोडून जेवढं येतं तेवढं काढायचं, तेवढंच नवीन भरायचं, गाडी काही शे किलोमीटर चालवायची, परत तेच. एका वेळी सगळं निघत नाही कारण अर्ध्याहून जास्त ऑइल टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि पाइपांमध्ये अडकलेलं असतं. समजा एकूण ८ लिटर आहे आणि साडेतीन निघतं, तर पहिल्या वेळी ४४ टक्के नवीन होतं, दुसऱ्यानंतर ६८, तिसऱ्यानंतर ८२. चौथ्याला ९० च्या आसपास जातं पण मला तीन पुरेसे वाटले. ऑइल जास्त लागतं हा तोटा आहे, मान्य, पण जुन्या गिअरबॉक्सला हळूहळू बदल मिळतो आणि प्रत्येक टप्प्यावर फरक बघता येतो.

पहिल्या वेळी पॅन पण उतरवला आणि हे मी प्रत्येकाला करायला सांगेन, मेकॅनिक कंटाळा करत असला तरी. पॅनमध्ये गोल चुंबकं असतात, लोखंडाचा चुरा धरून ठेवायला. माझ्या चुंबकांवर करड्या रंगाचा लेप बसलेला, इतका जाड की चुंबकाचा आकारच दिसत नव्हता, पण बोटांच्या चिमटीत घेऊन चोळला तर लोण्याइतका गुळगुळीत, एकही कण टोचला नाही. हा नॉर्मल झिजेचा चुरा. चमकणारे तुकडे, सुईसारख्या बारीक काड्या किंवा लायनिंगचे काळे पापुद्रे सापडले असते तर मी तिथेच थांबून नवीन ऑइलवर खर्चच केला नसता. चुंबकं पुसून परत जागेवर ठेवायची, नवीन फिल्टर, नवीन गॅस्केट, नटाला नवीन वॉशर. पॅनचे बोल्ट बारीक असतात, ७-८ न्यूटन मीटर एवढंच टाइट करायचे, मोठा पाना घेऊन ताकद लावली की ॲल्युमिनियममधले आटे गेलेच म्हणून समजा. आणि हो, ज्या गाड्यांना डिपस्टिक नाही त्यांच्यात खालचा नट सोडायच्या आधी वरचा भरायचा नट सुटतोय ना ते बघा, तो गंजून अडकलेला असेल आणि ऑइल सगळं काढून बसलात तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही.

निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजायचं आणि तेवढंच भरायचं, मग लेव्हल. लेव्हलच्या बाबतीत प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे. टोयोटाला इंजिन चालू, गाडी गरम, सपाट जागा, पी पासून एल पर्यंत प्रत्येक गिअरमध्ये लिव्हर फिरवून परत पी, मग डिपस्टिक पुसून हॉटच्या खुणेत बघायचं. होंडाला गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं. सीलबंद गिअरबॉक्सला ऑइल ठराविक तापमानाला असताना ओव्हरफ्लो नटातून बारीक धार येते का ते बघतात, तिथे स्कॅनर पाहिजेच. कमी असलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फिरणारे पार्ट ऑइल घुसळून फेस करतात, आणि फेसाने दाब तयार होत नाही, म्हणजे दोन्हीचा परिणाम स्लिपच. डिपस्टिकवर बारीक बुडबुडे दिसले तर आधी लेव्हल तपासा.

पहिल्या बदलानंतर सकाळचा रिव्हर्सचा धक्का कमी झाला, पूर्ण गेला नाही. थरथर मात्र स्पष्ट कमी. दुसऱ्यानंतर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जो आरपीएम किंचित उडायचा, ज्याची मला इतकी सवय झाली होती की तक्रार म्हणून मी ते धरलंच नव्हतं, तो बंद झाला. तिसऱ्यानंतर थरथर फक्त गाडी पूर्ण तापलेली असताना, हलक्या चढावर, तीही कधीतरी. ऑइल डिपस्टिकवर अजून अगदी नव्यासारखं लाल नाही, पण आरपार दिसतं.

इथपर्यंत बाटली टाकलीच नव्हती, मुद्दाम. दोन्ही एकदम केलं असतं तर कशाने काय झालं ते कळलं नसतं. बरेच दिवस तसंच चालवून, राहिलेली थरथर तशीच आहे याची खात्री झाल्यावर ॲडिटिव्ह आणलं.

ॲडिटिव्ह म्हणजे सगळी एकच असं नाही, तीन जाती आहेत आणि दुकानात त्या एकाच फळीवर शेजारी शेजारी उभ्या असतात. पहिली जात फ्रिक्शन आणि उष्णतेवर काम करणारी, त्यात ल्युबगार्ड येतं. याच्या मागचा इतिहास मला फार रोचक वाटतो. सुरुवातीच्या काळात एटीएफमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालायचे, कारण ते उष्णतेत टिकायचं आणि क्लच अलगद पकडायला मदत करायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली, ती यायलाच हवी होती, आणि मग ऑइल बनवणाऱ्यांना पर्याय शोधावा लागला. ल्युबगार्डमधलं लिक्विड वॅक्स एस्टर हे त्याच कामासाठी वनस्पती तेलापासून बनवलेलं आहे. त्यांची लाल बाटली डेक्स्रॉन-मरकॉन जातीच्या ऑइलला, काळी जास्त फ्रिक्शन मॉडिफायरवाल्या ऑइलला आणि प्लॅटिनम सगळ्यांना चालणारी. मी प्लॅटिनम घेतली म्हणजे ग्रेडची भानगड नको. बाटली २९६ मिलीची, लिटरला साधारण ३० मिली या हिशोबाने.

टाकायच्या आधी तेवढंच ऑइल गिअरबॉक्समधून काढून घ्या, हे बाटलीपेक्षा महत्त्वाचं आहे. लेव्हल बरोबर असताना वरून पाव लिटर ओतलं तर लेव्हल खुणेच्या वर जाते. मी डिपस्टिकच्या नळीतून सिरिंज आणि बारीक पाइप लावून ओढून घेतलं, मग लांब नरसाळ्याने बाटली.

काही दिवसांच्या चालवण्यात राहिलेली थरथर गेली आणि हे लिहीपर्यंत परत आलेली नाही, तापलेल्या गाडीत, त्याच चढावर, मुद्दाम हलका पाय ठेवून बघितलं. सिग्नलला थांबताना दुसऱ्यातून पहिल्यात येतानाचा ठोका पण मऊ झाला. सकाळच्या रिव्हर्सच्या उशिरात मात्र काडीचा फरक नाही. तो उशीर कडक झालेल्या सीलमुळे दाब तयार व्हायला वेळ लागतो म्हणून आहे असं मला वाटतं, आणि या बाटलीचं ते मुख्य काम नाही. म्हणून साडेतीन मार्क. थरथर हीच तुमची एकमेव तक्रार असेल आणि ऑइल नवीन असेल तर चार पण देईन. तपकिरी पडलेल्या ऑइलमध्ये मात्र ही बाटली ओतू नका, त्यापेक्षा त्याच पैशात नवीन ऑइल घ्या.

दुसरी जात सीलवाली, रबर मऊ करून फुगवणारी. बारीक गळती किंवा थंडीत उशिरा पकडणारा गिअर यांना हिचा कधी कधी उपयोग होतो हे खरं आहे, पण चांगल्या एटीएफमध्ये सील मऊ ठेवणारं रसायन आधीच असतं, आणि जास्त झालं तर रबर इतकं मऊ पडतं की नंतर ते सीलच राहत नाही. गिअरबॉक्स खोलायची तयारी असेल आणि तोपर्यंत थोडे दिवस काढायचे असतील तर वापरा. मी वापरणार नाही, रिव्हर्सचा तो क्षणभराचा उशीर मला चालतो, नुसतं लिव्हर टाकून पकडल्याचं जाणवेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही.

तिसरी जात ती घट्टवाली. हिने ऑइल जाड होतं, जाड ऑइल झिजलेल्या फटीतून कमी निसटतं, दाब थोडा वाढतो, स्लिप काही काळ कमी झाल्यासारखी वाटते. गाडी विकायला काढलेली असताना लोक हेच करतात आणि म्हणूनच जुनी ऑटोमॅटिक घेताना तापवून चालवल्याशिवाय घेऊ नका. थंडीत हेच जाड ऑइल बारीक वाटांतून उशिरा पोचतं, सोलेनॉइडचं टायमिंग ज्या जाडीसाठी ठरवलंय ती जाडीच राहत नाही, आणि जळालेली लायनिंग काही परत येत नाही.

सीव्हीटीवाल्यांनी (ठराविक गिअर नसलेला, पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) यातलं काहीही आपल्याला लागू आहे असं समजू नका. तिथे धातूचा पट्टा पुलीवर घर्षणानेच ताकद देतो, ते घर्षण घसरट करणारं काही टाकलं की पट्टा पुलीला ओरखडे पाडतो. सीव्हीटीचं ऑइल वेगळं, तेच टाकायचं, आणि बाटलीवर सीव्हीटी असं स्पष्ट छापलेलं नसेल तर हात लावू नका.

पुढे मी इंजिन ऑइलच्या दर दुसऱ्या बदलाला एकदा ड्रेन अँड फिल करणार, म्हणजे एकदम सगळं बदलायची वेळच येणार नाही. बाटली दर वेळी नाही, थरथर परत आली तरच. त्यापेक्षा गिअर ऑइलचा कूलर बाहेरून धुऊन ठेवणं आणि रेडिएटरवर लक्ष ठेवणं जास्त फायद्याचं आहे, कारण बऱ्याच गाड्यांत एटीएफची नळी रेडिएटरच्या आतूनच जाते. ती आत फुटली की कूलंट ऑइलमध्ये मिसळतो, डिपस्टिकवर गुलाबी दुधासारखा रंग दिसतो, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचची लायनिंग चिकटवलेला गोंदच सोडवतं. तसा रंग दिसला, किंवा जळका वास येतोय आणि आरपीएम चढूनही गाडी ओढत नाही, तर ऑइलवर पण नाही आणि बाटलीवर पण नाही, कशावरच पैसे घालू नका. गाडी जास्त चालवू नका, टो करून गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या माणसाकडे न्या आणि जाताना डिपस्टिकवरचं ऑइल एका पांढऱ्या कागदावर टिपून घेऊन जा, खोलायच्या आधीच त्यावरून त्याला बरंच काही कळेल.